चिंगीची पाठ आणि आमचा डॅशहाऊंडवाल्यांचा ग्रुप

डॅशहाऊंड, म्हणजे ते आखूड पायांचं, लांब पाठीचं कुत्रं, पाळणाऱ्या कुणालाही विचारा, या जातीची सगळ्यात मोठी भीती कुठली, तर उत्तर एकच येईल, पाठ. आयव्हीडीडी म्हणतात त्याला, मणक्यांमधल्या गादीचा आजार. साधारण चार-पाच डॅशहाऊंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि आमच्या चिंगीला तो झाला तेव्हा ती नेमकी त्याच वयात होती, तीन ते सात वर्षांच्या मधे, ज्यात तो बहुतेकांना होतो. आज ती चालते, पळते, गेटपाशी जाऊन सगळ्यांवर भुंकते. त्यात सर्जनचा हात मोठा, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचाही मोठा, पण मधले जे तास असतात ना, दवाखाना बंद, कुत्रं घरी, आपल्याला काही सुचत नाहीये, ते तास आम्ही ज्यांच्या जिवावर काढले त्यातल्या बहुतेकांना मी अजून प्रत्यक्ष बघितलेलंसुद्धा नाही. त्यांच्याबद्दल लिहायचंय.

चिंगी पिल्लू होती तेव्हापासून मी डॅशहाऊंडवाल्यांच्या ग्रुपमधे आहे. सुरुवातीला कारण अगदी साधं, फोटो. गुळगुळीत केसांचे, लांब केसांचे, राठ दाढीमिशीवाले, मोठे, मिनिएचर, सगळे. पण फोटोंच्या मधेमधे लोक जे बोलायचे ते डोक्यात जात राहिलं आणि आपोआप सवयी लागल्या. उचलायचं तर एक हात छातीखाली आणि एक मागच्या भागाखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे, पुढच्या काखेत हात घालून वर ओढायचं नाही. गळपट्ट्याला दोरी लावून ओढाताण नको, हार्नेस घ्या. पलंगाला, सोफ्याला रॅम्प करा. आणि वजन, वजन, वजन, बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. यातलं निम्मं लॅब्राडोर पाळणाऱ्याला सुचणारही नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही, त्याची काळजी वेगळी, त्याला खुब्याच्या सांध्याची चिंता. कुत्रा कसा पाळावा हे कुणीही सांगेल, पण आखूड पायांचं, लांब पाठीचं, कमालीचं हट्टी असलेलं हे प्रकरण कसं सांभाळायचं हे ज्याच्या घरात ते आहे त्यालाच माहीत असतं.

ग्रुपवर एक ताई आहेत, बायोलॉजी शिकवतात, त्यांनी एकदा यामागचं कारण इतकं सोपं करून सांगितलं होतं की ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. या जातीचे पाय आखूड असतात ते एफजीएफ४ नावाच्या जीनच्या जास्तीच्या कॉपींमुळे. त्यातली एक कॉपी शास्त्रज्ञांना २००९ मधे सापडली आणि दुसरी, १२ नंबरच्या क्रोमोसोमवरची, २०१७ मधे. ही दुसरी नुसते पाय आखूड करून थांबत नाही, मणक्यांमधल्या गादीचा आतला मऊ भाग ती फार लवकर, कधीकधी पहिल्या वर्षातच सुकवायला लागते, त्यात कॅल्शियम साठतं, तो कडक होतो. मग एखाद्या दिवशी गादी फुटते आणि आतला कडक झालेला भाग वरच्या मज्जारज्जूवर दाबला जातो. आणि ही कॉपी जवळजवळ सगळ्याच डॅशहाऊंडमधे असते. म्हणजे पलंगावरून मारलेली उडी हे फक्त शेवटचं निमित्त, आतली तयारी कितीतरी आधीपासून चालू असते. हे आधीच माहीत असल्याचा केवढा फायदा झाला ते नंतर कळलं, कारण पाठीचा अटॅक आला की प्रत्येक मालक पहिल्यांदा स्वतःलाच दोष देत बसतो आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

चिंगीचं सुरू झालं ते पोटदुखी वाटावी असं. पाठ वर उचललेली, पोट टणक, अंग थरथरतंय, मान वळवत नाही, हाक मारली तर नुसते डोळे फिरवून बघते. कुणीही म्हणेल काहीतरी खाल्लं असेल. पण ग्रुपवर हेच वर्णन मी इतक्या वेळा वाचलं होतं की पोट टणक लागणं हे पाठ दुखत असल्याचंही लक्षण असतं हे लगेच आठवलं. चालताना तिचा मागचा भाग डुलत होता. मी तिचा छोटासा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही एकदमच. फोन लागेपर्यंत इकडे मेसेज यायला लागले होते, आणि मला सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं की औषध कुणीच सांगितलं नाही, सगळ्यांनी प्रश्न विचारले. मागच्या पायांची नखं जमिनीला घासतायत का. मागचा पंजा हलकेच उलटा ठेवला तर लगेच सरळ करते का वेळ लावते. शेवटची सू कधी केली. शेपूट हलते ती तुला बघून हलते की नुसतीच. घरातलं कुठलं औषध आधी दिलंयस का, नसेल दिलं तर आता काहीही देऊ नकोस. आणि मग एकाने लिहिलं, व्हिडिओ पुरे, तिला आता चालवू नकोस, आडवी उचल आणि निघ.

डॉक्टरांनी नेमके तेच सगळं तपासलं. या आजाराच्या पाच ग्रेड मानतात. पहिलीत फक्त दुखणं. दुसरीत कुत्रं चालतं पण झोकांड्या जातात. तिसरीत पाय हलतात पण उभं राहून चालता येत नाही. चौथीत मागचे पाय पूर्ण लुळे, पण बोटाला जोरात चिमटा घेतला तर दुखल्याचं त्याला कळतं, आणि पाचवीत तेही कळत नाही. चौथी आणि पाचवीच्या मधली रेषा सगळ्यात महत्त्वाची, कारण ही खोल वेदना शाबूत असताना ऑपरेशन झालं तर दहातले नऊ कुत्रे परत चालायला लागतात आणि ती गेल्यावर साधारण निम्मेच. चिंगी दुसऱ्या ग्रेडमधे होती. एक्स-रेमधे हाडं दिसतात, मज्जारज्जूवर काय दाबलं गेलंय ते दिसत नाही, त्याला एमआरआय नाहीतर सीटी लागतं, ते आत्ताच नको, आधी क्रेट रेस्ट, म्हणजे छोट्या पिंजऱ्यात ठेवून विश्रांती, आणि पेनकिलर, आणि जरा जरी खालावली तरी तडक यायचं, असं ठरलं. मी हे सगळं आधी वाचलेलं होतं म्हणून डॉक्टर काय बोलतायत ते माझ्या डोक्यात शिरत होतं. नवरा माझ्या शेजारीच उभा होता, त्याला घरी आल्यावर यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि मला ते अगदी समजू शकतं.

क्रेट रेस्ट हा शब्द ऐकायला सोपा आहे. डॉक्टरांच्या कागदावर ती एक ओळ असते, कडक विश्रांती, किमान चार आठवडे. ती ओळ घरात राबवायची कशी हे कागदावर मावत नाही, आणि माझ्या मते असल्या ग्रुपचं खरं मोल इथे आहे. क्रेट केवढा असावा, तर उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढा, पण उडी मारता येणार नाही, धावता येणार नाही एवढाच. आत जाड मऊ गादी नको, पाय रुततात आणि तोल जातो, त्यापेक्षा पक्का सपाट थर आणि वर न घसरणारी मॅट. पाण्याचं भांडं वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर. क्रेट कुठे ठेवायचा यावरच केवढी चर्चा झाली, एकजण म्हणाली घरातली माणसं दिसतील असा ठेव, दुसरी म्हणाली दार दिसणार नाही असा ठेव, नाहीतर बेल वाजली की उसळी मारेल, आणि दोघींचं ऐकून आम्ही तो हॉलच्या कोपऱ्यात दाराकडे पाठ करून ठेवला, एक बाजू चादरीने झाकली. सू करायला बाहेर नेताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून टॉवेलचा झोळ, हार्नेसला दोरी, चार पावलं, झालं की परत आत. आणि ती रडायला लागली की, आणि ती रडतेच, पहिले काही दिवस सतत रडते, तेव्हा काय करायचं याला तर कुठल्याच कागदावर उत्तर नसतं. ग्रुपवर होतं. चाटायची मॅट द्या, वास शोधायचे शांत खेळ द्या, क्रेटजवळ जमिनीवर बसून वाचत बसा, बोलू नका नुसते बसा. एका दादाने लिहिलं होतं की दुखणं कमी झालं की कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो, तो पेनकिलरचा परिणाम असतो, आतली गादी अजून भरलेली नसते, तेव्हा तो उड्या मारायला लागेल आणि तुमचं मन विरघळेल, तो दिवस सगळ्यात धोक्याचा. मी ते वाक्य क्रेटवर चिकटवून ठेवलं होतं, घरातल्या सगळ्यांसाठी.

वाईट सल्ले येत नाहीत असं नाही, येतात. एकाने मला पर्सनलवर लिहिलं की आमच्याकडे मागच्या वेळचं स्टिरॉइड उरलंय, ते सुरू कर, फरक पडेल. आता चिंगीला जी पेनकिलर चालू होती ती सूज कमी करणारी, एनएसएआयडी प्रकारातली होती, आणि तिच्याबरोबर स्टिरॉइड दिलं तर पोटात अल्सर होऊन आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते, एकावरून दुसऱ्यावर जायचं असलं तरी मधे डॉक्टर सांगतील तेवढी गॅप ठेवावी लागते. माणसांच्या गोळ्यांचंही तेच, आयबुप्रोफेन तर कुत्र्यासाठी विषच. मी अ‍ॅडमिन काकांना सांगितलं, त्यांनी त्या माणसाला न दुखावता समजावलं आणि ग्रुपवर नियम परत टाकला, औषधाचं नाव अनुभव म्हणून सांगा, डोसचा आकडा कुणीही लिहायचा नाही, आणि उरलेली औषधं कुणी कुणाला द्यायची नाहीत. मी असेही ग्रुप बघितलेत जिथे हा नियम नाही आणि जो जास्त ठासून बोलतो त्याचंच सगळे ऐकतात. तिथे मी चिंगीचा व्हिडिओ कधीच टाकला नसता. ग्रुप किती मोठा आहे याला काही अर्थ नाही, तिथे "हे आम्हाला विचारू नका, डॉक्टरांकडे जा" म्हणणारी माणसं किती आहेत ते बघायचं.

त्या माणसांनीच मला एक तक्ता दिला होता, दर काही तासांनी बघायचं आणि लिहून ठेवायचं, पाय, पंजा, सू, दुखणं. मला वाटलं होतं हे जरा अतीच होतंय. पण चिंगी खालावली ती रात्री, आणि तक्ता होता म्हणूनच ते पहाटेच्या आधी लक्षात आलं. संध्याकाळी पंजा सावकाश का होईना सरळ करत होती, रात्री तो तसाच उलटा राहिला, आणि मग थोड्या वेळाने मागचे पाय तिच्या मागे नुसते ओढले जायला लागले. झोपेत असती तर सकाळपर्यंत आम्हाला कळलंही नसतं. पायाचं बोट दाबल्यावर तिने मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं, कण्हली. नुसता पाय आखडून घेतला तर तो रिफ्लेक्स असतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कुत्र्याने वळून बघितलं किंवा आवाज केला तरच वेदना डोक्यापर्यंत पोचतेय असं समजायचं, हा फरक मला ग्रुपनेच आधी शिकवून ठेवला होता. ग्रुपवर एक ताई जाग्या होत्या, त्यांचा कुत्रा याच सगळ्यातून गेलेला, त्या म्हणाल्या ग्रेड चार वाटतेय, ठरवणार सर्जन, पण सकाळची वाट बघू नकोस. चोवीस तास चालणारं, न्यूरो सर्जरी होणारं हॉस्पिटल कुठलं हे मी आधीच शोधून फोनमधे सेव्ह केलेलं होतं, हेसुद्धा त्यांच्याच सांगण्यावरून, कुत्रा बरा असतानाच हे करून ठेवायचं असतं.

एमआरआय झाला, पाठीच्या मधल्या भागात जिथे बरगड्या संपतात तिथली गादी फुटलेली, या जातीत बहुतेक वेळा तिथलीच फुटते. लगेच ऑपरेशन. मणक्याच्या बाजूला छोटीशी खिडकी करून आतलं साचलेलं काढून घेतात. ऑपरेशनबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते सर्जनचं काम, त्यांनी ते उत्तम केलं.

आमचं काम सुरू झालं घरी आल्यावर, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे सू. मज्जारज्जूला मार बसला की कुत्र्याला लघवी सोडता येत नाही, पिशवी भरत राहते. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे जी प्रत्येक डॅशहाऊंडवाल्याला माहीत असायला हवी. उचलल्यावर किंवा अंथरुणात थोडी थोडी सू गळते, ती बघून आपल्याला वाटतं, चला, करतेय. ती करत नसते, पिशवी गच्च भरून ओसंडत असते. तशीच राहिली तर इन्फेक्शन होतं, पिशवी ताणून कायमची ढिली पडू शकते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामी करायची. हॉस्पिटलमधे त्यांनी करून दाखवलं, माझ्याकडून करून घेतलं, तिथे जमलंही, आणि घरी आल्यावर जमेना. चिंगी पोट आवळून घ्यायची, मला पिशवीच सापडायची नाही. मग त्या रात्री जाग्या असलेल्या ताईंनीच व्हिडिओ कॉल लावला, त्यांच्या स्वतःच्या कुत्र्यावर हात कुठे ठेवायचे ते दाखवलं. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी सपाट हात, बोटं टोचायची नाहीत, हळूहळू मागे सरकत यायचं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताखाली घरंगळतं, ते सापडलं की सावकाश आणि सलग दाब, झटका नाही, आणि तिने पोट आवळलं तर दाब वाढवायचा नाही, ती श्वास सोडेपर्यंत थांबायचं. जमलं. मी रडले त्या कॉलवर आणि त्याही रडल्या. नंतर रोज विचारायच्या, रंग कसा आहे, वास येतोय का, गढूळ वाटली तर लगेच तपासायला दे.

हळूहळू शेपूट हलली, मग एका पायात जोर आला, मग टॉवेलच्या आधाराने उभं राहणं, मग झोकांड्या खात चार पावलं. फिजिओथेरपी, पाण्यातली ट्रेडमिल, घरी पायांचे व्यायाम, हे सगळं डॉक्टर सांगतात तसं. ग्रुपने इथे काय दिलं असेल तर धीर, आणि तोही उगाच "सगळं छान होईल" असा नाही. ज्यांचे कुत्रे परत चालले नाहीत तेही आमच्यात आहेत, त्यांचे कुत्रे मागे दोन चाकांची गाडी लावून मजेत फिरतात, त्यांचे व्हिडिओ बघून मला कळलं की चिंगी चाललीच नाही तरी तिचं आयुष्य संपत नाही. ते कळल्यावर माझी धडधड कमी झाली आणि मी तिच्याकडे नीट लक्ष देऊ शकले.

आता चिंगी बरी आहे आणि मी नवीन लोकांचे प्रश्न बघते. ग्रुपवर मतभेद खूप आहेत, आणि सगळ्यात जास्त जिन्यावरून आणि नसबंदीवरून. यात मला एका गोष्टीचा फार आदर वाटतो, ब्रिटनमधल्या डॅशहाऊंड मालकांनी आणि क्लबांनी केलेला सर्व्हे, डॅक्सलाईफ २०१५. त्यांनी नुसता वाद न घालता मालकांना आपापल्या कुत्र्याची माहिती भरायला लावली, जवळपास २००० कुत्र्यांची माहिती जमली, आणि त्यावरून २०१८ मधे छापलेल्या अभ्यासात दिसलं की १२ महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्यांमधे पाठीचा त्रास जास्त आहे. याचा अर्थ नसबंदी करूच नका असा नाही, मादीला मोठेपणी गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तो जीवघेणा असतो, पण कधी करायची हे डॉक्टरांशी बोलताना हा मुद्दा मांडता येतो, आणि तो मालकांनीच भरलेल्या माहितीतून आलाय. तिथलंच दुसरं उदाहरण, राठ केसांच्या मिनिएचर डॅशहाऊंडमधला लाफोरा हा फिट्सचा आजार. त्यामागचा जीनमधला दोष २००५ मधे सापडला, पण टेस्ट असून उपयोग काय, ती करायला माणसं तयार हवीत. ब्रीड क्लबने मालकांना आणि ब्रीडरांना गोळा करून टेस्ट करून घेतल्या आणि २०१२ ते २०१७ या काळात आजारी पिल्लं होण्याचा धोका असलेल्या वेतांचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आलं. डेन्मार्क आणि फिनलंडमधे ब्रीडिंगच्या आधी पाठीचा एक्स-रे काढून किती गाद्यांमधे कॅल्शियम साठलंय ते मोजतात आणि ज्यांच्यात कमी त्यांच्यापासूनच पिल्लं घ्या म्हणतात. हे एकट्या मालकाला किंवा एकट्या डॉक्टरला कधीच जमलं नसतं.

म्हणून आम्हीही एक साधा फॉर्म सुरू केलाय. केसांचा प्रकार, मोठा का मिनिएचर, वजन, नसबंदी झाली असेल तर कुठल्या वयात, रोजचं चालणं किती, जिना आहे का, पाठीचा त्रास झाला का, झाला तर पहिल्यांदा कुठल्या वयात, ऑपरेशन की विश्रांती, परत झाला का. नाव-पत्ता काही नाही. चिंगीचं मी भरलं. अडचण एकच येतेय, ज्यांच्या कुत्र्याला त्रास झालाय ते सगळे भरतात आणि ज्यांचा ठणठणीत आहे ते म्हणतात आमचं काय भरायचं, आम्हाला तर काहीच झालं नाही. अहो त्यांचंच हवंय! दहा वर्षांचा झाला तरी पाठ शाबूत आहे अशा कुत्र्याची माहिती नसेल तर आजारी कुत्र्यांची तुलना कशाशी करणार. तेव्हा तुमच्या ग्रुपवर असा फॉर्म फिरत असेल आणि तुमचा डॅशहाऊंड आत्ता सोफ्यावर घोरत पडला असेल, तर आजच भरून टाका, पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.